चुंबक बलवान असूनही प्लाझ्मा का निसटतो?

प्रश्न भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याचा आहे. तो थोडक्यात असा : प्लाझ्मा विद्युतभारित कणांचा बनलेला असल्यामुळे चुंबकीय क्षेत्रात तो धरून ठेवता येतो, असे आम्ही शिकलो. मग अधिक बलवान चुंबक बसवले आणि वेगवान संगणकाने क्षणोक्षणी दुरुस्ती केली, तर टोकामॅकमधील, म्हणजे अणुकेंद्रकांच्या संमीलनासाठी (फ्यूजन) तप्त प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्रात धरणाऱ्या यंत्रातील, प्लाझ्मा अस्थिर होण्याचा प्रश्न मिटायला हवा. इतक्या दशकांत तो का मिटला नाही? आणि या विषयात काम करायचे असेल, तर तयारी कोठून करावी?

टोकामॅकच्या नियंत्रणाचे काम करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि हा प्रश्न मी स्वतःही सुरुवातीला विचारला होता, म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही सुचवलेले दोन्ही उपाय योग्यच आहेत आणि दोन्ही वापरले जातात. मात्र एखादे अस्थैर्य आवरता येईल की नाही, हे त्याच्या बळापेक्षा त्याच्या वेगावर अधिक ठरते. लहानपणी तळहातावर काठी उभी तोलण्याचा खेळ तुम्ही खेळला असाल. दीड मीटरची काठी थोड्या सरावाने तोलता येते. पंधरा सेंटिमीटरची पेन्सिल कोणालाच तोलता येत नाही. दोन्ही सारख्याच अस्थिर आहेत, पण पेन्सिल तिपटीहून अधिक वेगाने कलंडते आणि तेवढ्या अवधीत डोळ्याने पाहून हात हलवणे आपल्याला जमत नाही. टोकामॅकमध्ये पेन्सिलीसारखी अस्थैर्ये आहेत आणि काठीसारखीही आहेत. पहिल्या प्रकारच्या वाटेला जायचे नसते, दुसरी आवरायची असतात आणि काही पेन्सिलींच्या काठ्या करता येतात. पुढचे सगळे उत्तर या तीन कामांविषयी आहे.

आधी बलवान चुंबकाचा मुद्दा घेऊ. प्लाझ्मा हा पेटीत ठेवलेला निमूट माल नव्हे. त्याच्यातून विद्युतप्रवाह वाहतो, तो प्रवाह स्वतःचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो आणि धरून ठेवणाऱ्या क्षेत्राचा मोठा भाग अशा रीतीने प्लाझ्मानेच घडवलेला असतो. प्लाझ्मा किंचित सरकला की क्षेत्रही बदलते आणि ते बदललेले क्षेत्र त्याला मूळ जागी परत आणील की आणखी दूर ढकलील, हाच स्थैर्याचा प्रश्न आहे. अस्थैर्याला लागणारी ऊर्जा बाहेरून यावी लागत नाही. प्रवाहात आणि दाबाच्या उतारात ती साठलेलीच असते.

याचा पहिला मोठा धडा ब्रिटनमधील हारवेल येथील झेटा या यंत्राने दिला. तेथे वलयाकार नळीतल्या वायूतून प्रचंड प्रवाह सोडून तो प्रवाह स्वतःच्याच क्षेत्राने आवळला जाईल, अशी योजना होती. १९५८ च्या जानेवारीत तेथे न्यूट्रॉन मिळाल्याची घोषणा झाली आणि संमीलनाची ऊर्जा हाती आल्यासारखे वाटले. पण ते न्यूट्रॉन तप्त प्लाझ्मातील संमीलनाचे नसून अस्थैर्यामुळे वेग मिळालेल्या थोड्या आयनांचे होते, हे काही महिन्यांतच मान्य करावे लागले. प्रवाहाचा दोर जेथे थोडासा वाकतो, तेथे वळणाच्या आतल्या बाजूला त्याच्या क्षेत्ररेषांची दाटी होते, चुंबकीय दाब वाढतो आणि वळण आणखी वाकते. याला किंक अस्थैर्य म्हणतात.

त्यावरचा उपाय म्हणजे प्रवाहाच्या दिशेने आणखी एक बलवान चुंबकीय क्षेत्र देणे. टोकामॅक म्हणजे मूलतः हीच योजना. कडबोळ्याच्या आकाराच्या पात्रात कडबोळ्याच्या लांबीने जाणारे क्षेत्र बाहेरची वेटोळी देतात आणि त्याला आडवे वेढणारे क्षेत्र प्लाझ्मातील प्रवाह देतो. दोन्ही मिळून क्षेत्ररेषा दोराच्या पिळासारख्या होतात. दोर वाकवायचा तर लांबीच्या दिशेच्या रेषा ताणाव्या लागतात आणि त्याला ऊर्जा लागते, म्हणून प्लाझ्मा स्थिर होतो. मात्र विकृतीचा पीळ आणि क्षेत्ररेषेचा पीळ तंतोतंत जुळला, तर रेषा ताणावीच लागत नाही आणि अस्थैर्याला मोकळे रान मिळते. म्हणून पीळ किती आहे, हे मोजणारी एक संख्या आमच्या कामात सतत लागते. तिला क्यू म्हणतात. क्षेत्ररेषा एकदा आडवा वेढा पूर्ण करेपर्यंत कडबोळ्याभोवती लांबीने किती फेऱ्या मारते, ती ही संख्या. क्रुस्कल आणि शाफ्रानोव यांनी दाखवले की काठावरची क्यू एकाखाली गेली तर प्लाझ्मा वाचत नाही. प्रत्यक्षात ती दोनच्या वर ठेवावी लागते आणि शहाणे यंत्रचालक तीनच्या आसपास राहतात.

आकडे घालून पाहा. गांधीनगरजवळच्या भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ पासून आदित्य हा टोकामॅक चालत आला आहे आणि २०१६ मध्ये त्याचे आदित्य-यू असे सुधारित रूप झाले. मूळ आदित्यच्या कडबोळ्याची मोठी त्रिज्या (कडबोळ्याच्या केंद्रापासून नळीच्या मध्यापर्यंत) ०.७५ मीटर आणि लहान त्रिज्या (नळीची स्वतःची) ०.२५ मीटर होती. लांबीच्या दिशेचे क्षेत्र १ टेस्ला आणि प्रवाह १०० किलोअँपिअर धरला, तर प्रवाहाचे क्षेत्र काठावर ०.०८ टेस्ला येते आणि क्यू सुमारे ४.२ निघते. म्हणजे किंकच्या दृष्टीने निर्धास्त जागा. हेच गणित फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ईटर या महाकाय टोकामॅकसाठी करा : मोठी त्रिज्या ६.२ मीटर, लहान त्रिज्या २ मीटर, क्षेत्र ५.३ टेस्ला आणि प्रवाह १५ दशलक्ष अँपिअर. प्रवाहाचे क्षेत्र १.५ टेस्ला येते आणि क्यू जेमतेम १.१४. ईटरचा प्लाझ्मा गोल छेदाचा असता, तर एवढा प्रवाह त्यात उभाच राहिला नसता. म्हणून त्याचा छेद इंग्रजी डी अक्षरासारखा आणि उभा लांबट ठेवला आहे. लांबट आकारामुळे आडवा वेढा मोठा होतो, त्यानेच क्यू जवळजवळ दुप्पट होते आणि आकाराचे उरलेले परिणाम धरून ती तीनच्या जवळ पोहोचते. हा आकार शोभेसाठी नाही, हे लक्षात ठेवा. त्याची किंमत कोठे मोजावी लागते, ते पुढे येईल.

आता किंकचा वेग पाहू. चुंबकीय क्षेत्रातील ताण प्लाझ्मातून आल्फव्हेन वेगाने पसरतो. ईटरच्या घनतेला आणि क्षेत्राला तो सेकंदाला सुमारे सात हजार किलोमीटर येतो, म्हणजे मोठ्या त्रिज्येएवढे अंतर एका मायक्रोसेकंदाहून कमी वेळात कापले जाते. आदर्श किंक, म्हणजे प्लाझ्माला रोध नाही असे धरल्यावरही येणारा किंक, याच श्रेणीतल्या काळात वाढतो. मोठ्या वेटोळ्यांत हजारो अँपिअर प्रवाह बदलणाऱ्या विद्युतपुरवठ्याला मिलिसेकंद लागतात. संगणक कितीही वेगवान घेतला, तरी वेटोळ्याचे प्रवर्तन आणि पात्राची धातूची भिंत यांमुळे दुरुस्तीचे क्षेत्र प्लाझ्मापर्यंत हजार पट उशिरा पोहोचेल. ही पेन्सिल आहे. तिला तोलायचे नसते, ती उभी करायचीच नसते. म्हणून नियंत्रणाचा मोठा भाग प्रयोग सुरू होण्याआधीच, कागदावर कार्यबिंदू, म्हणजे प्रवाह, दाब, घनता यांची चालवण्याची मूल्ये, निवडताना होऊन जातो. माझ्या मते नवख्या अभियंत्यांना हे कोणी पुरेसे ठासून सांगत नाही.

क्यूच्या मर्यादेखेरीज आणखी दोन मर्यादा कार्यबिंदूला बांधतात. एक दाबाची. प्लाझ्माचा दाब आणि चुंबकीय दाब यांच्या गुणोत्तराला बीटा म्हणतात आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथील त्रॉयाँ यांनी १९८४ मध्ये दाखवले की बीटाची कमाल मर्यादा प्रवाह भागिले लहान त्रिज्या आणि क्षेत्र यांच्या प्रमाणात असते. संमीलनाची शक्ती बीटाच्या वर्गाच्या आणि क्षेत्राच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे अधिक बलवान चुंबक हवेत, हे तुमचे म्हणणे इथे खरे ठरते. पण त्याच कारणाने बीटाच्या मर्यादेला जितके खेटून राहता येईल तितके राहण्याचा मोहही होतो. दुसरी मर्यादा घनतेची, ग्रीनवाल्ड यांच्या नावाने ओळखली जाणारी. प्रवाह दशलक्ष अँपिअरमध्ये आणि लहान त्रिज्या मीटरमध्ये घेऊन प्रवाहाला π (पाय) गुणिले त्रिज्येचा वर्ग या संख्येने भागले की घनमीटरला १०^२० कणांच्या एककात ती मर्यादा मिळते. ईटरसाठी ती सुमारे १.२ येते. घनता त्यापलीकडे नेली की काठाचा प्लाझ्मा किरणोत्सर्जनाने थंड होतो, थंड प्लाझ्माचा रोध वाढतो, प्रवाह आतल्या बाजूला आक्रसतो आणि पुढे वर्णन करणार आहे त्या चुंबकीय बेटांना खतपाणी मिळते.

लांबट आकाराची किंमत म्हणजे उभ्या दिशेचे अस्थैर्य. प्लाझ्मा लांबवण्यासाठी त्याच्या वर आणि खाली वेटोळी ठेवून त्यांत प्लाझ्माच्याच दिशेचा प्रवाह सोडतात. समांतर प्रवाह एकमेकांना ओढतात, म्हणून प्लाझ्मा वर-खाली ताणला जातो. दोन लोहचुंबकांच्या बरोबर मधोमध ठेवलेल्या टाचणीची जी स्थिती, तीच त्याची. किंचित वर सरकला की वरचे वेटोळे अधिक जोराने ओढते. भिंत नसती, तर हेही मायक्रोसेकंदांत घडले असते. पण प्लाझ्मा सरकू लागताच भोवतीच्या धातूच्या पात्रात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि त्या हालचालीला विरोध करतात. भिंतीला रोध असल्यामुळे हे प्रवाह हळूहळू विरतात आणि जेवढे ते विरतील तेवढाच प्लाझ्मा सरकू शकतो. आता वाढीचा काळ भिंतीच्या रोधाने ठरतो. तो मिलिसेकंदांचा आणि मोठ्या, जाड पात्रात त्याहूनही बराच मोठा असतो. भिंतीने पेन्सिलीची काठी करून दिली. तुम्ही म्हणता तो वेगवान संगणक इथे खरोखर उपयोगी पडतो, आणि आजचा प्रत्येक लांबट टोकामॅक त्याच्याच आधारावर चालतो. मूळ आदित्यचा छेद गोल असल्यामुळे तेथे ही चिंता नव्हती.

फीडबॅकमध्ये, म्हणजे मोजून लगेच दुरुस्ती करण्यात, सगळा खेळ विलंबाचा असतो. हे मी एका यंत्रावर फार महाग पडून शिकलो. तेथे प्लाझ्माच्या उभ्या स्थानाचा संकेत विद्युतपुरवठ्याच्या चालू-बंद होण्यामुळे खरखरीत दिसत असे. आम्ही त्यावर एक गाळणी बसवली आणि पडद्यावरची रेषा इतकी स्वच्छ झाली की सर्वांना समाधान वाटले. दुसऱ्या दिवशी प्लाझ्मा लांबवताच तो वर-खाली झुलू लागला, प्रत्येक झोका आधीच्याहून मोठा होत गेला आणि अखेर तो पात्राच्या तळाशी आदळला. दोन दिवस आम्ही वर्धकातला (अ‍ॅम्प्लिफायर) दोष शोधत होतो. दोष वर्धकात नव्हता. गाळणीने संकेत जवळजवळ एक मिलिसेकंद उशिरा पोहोचवायला सुरुवात केली होती आणि त्या यंत्रात अस्थैर्याचा वाढीचा काळ तीन मिलिसेकंदांचा होता. त्यात वर्धकाचा आणि भिंतीचा विलंब मिळाल्यावर दुरुस्ती चुकीच्या क्षणी पोहोचत होती. आम्ही प्लाझ्माला सावरत नव्हतो, झोका देत होतो. त्या दिवसापासून मी कोणत्याही नियंत्रकाचा आराखडा हाती घेतला की आधी संवेदकापासून वेटोळ्यापर्यंतचा प्रत्येक विलंब वहीत मांडतो आणि खरखर शक्य तितकी उगमापाशी, म्हणजे जोडणी आणि भूयोजन सुधारून कमी करतो.

आता ज्या अस्थैर्याने माझे सर्वाधिक लक्ष वेधून घेतले, त्याकडे वळतो. त्याला टेअरिंग मोड म्हणतात (मोड म्हणजे अस्थैर्याचा ठरावीक आकृतिबंध) आणि त्याचा सिद्धान्त फर्थ, किलीन आणि रोझेनब्लूथ यांनी १९६३ मध्ये मांडला. प्लाझ्मात ज्या पृष्ठावर क्यू ही २ किंवा ३/२ अशी साध्या अपूर्णांकाची असते, तेथे क्षेत्ररेषा थोड्याच फेऱ्यांनंतर स्वतःलाच येऊन मिळतात. प्लाझ्माला थोडा रोध असल्यामुळे अशा पृष्ठावर रेषा तुटून नव्याने जोडल्या जाऊ शकतात आणि मग छेदात पाहिले तर बंद रेषांची लांबट बेटे दिसतात. बेटाच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर उष्णता रेषेवरून सहज वाहत जाते, म्हणजे बेटाच्या रुंदीएवढे उष्णतारोधन वाया जाते. बेट आदर्श किंकसारखे झपाट्याने वाढत नाही. पॉल रदरफर्ड (अणुकेंद्रक शोधणारे नव्हेत) यांनी १९७३ मध्ये दाखवले की ठरावीक आकारानंतर त्याची रुंदी चुंबकीय विसरणाच्या संथ गतीने वाढते. या संथपणामुळेच आपल्याला संधी मिळते.

तप्त, उच्च दाबाच्या प्लाझ्मात त्याला एक अधिक चिवट भाऊ आहे. दाबाच्या उतारामुळे प्लाझ्मात आपोआप एक प्रवाह निर्माण होतो, त्याला बूटस्ट्रॅप प्रवाह म्हणतात. बाहेरून प्रवाह चालवण्याचा खर्च वाचत असल्यामुळे तो आपल्याला हवाच असतो. पण बेट तयार झाले की त्याच्या आत दाब सपाट होतो, उतार नाहीसा होतो आणि तेवढ्या जागेतला बूटस्ट्रॅप प्रवाहही नाहीसा होतो. प्रवाहातली ही पोकळी बेटाला आणखी रुंद करते. नवअभिजात म्हटला जाणारा हा मोड मुळात कोणत्या तरी धक्क्याने पेरला जावा लागतो. मध्यभागाच्या तापमानात करवतीच्या दात्यांसारखे चढउतार होतात, ते १९७४ मध्ये प्रिन्स्टनला प्रथम नोंदवले गेले. त्यातला एखादा मोठा दाता कोसळला की असे बीज पडते. संमीलनातून जन्मणारे वेगवान आल्फा कण (हीलियमची केंद्रके) हे दाते लांबवतात, म्हणून पुढच्या यंत्रांत हा धोका वाढेल, कमी होणार नाही.

उपाय सांगायला सोपा आहे : पोकळीत प्रवाह परत भरा. जायरोट्रॉन या सूक्ष्मतरंग निर्माण करणाऱ्या उपकरणातून निघणारी शलाका इलेक्ट्रॉनांच्या चक्रगतीशी जुळणाऱ्या वारंवारतेची असते. चुंबकीय क्षेत्र कडबोळ्याच्या केंद्रापासून बाहेर जाताना कमी होत जात असल्यामुळे ती नेमक्या एका जागी शोषली जाते. आरसा वळवून ती जागा बेटावर आणायची आणि तेथे इलेक्ट्रॉनांना एका दिशेने ढकलून प्रवाह चालवायचा. जर्मनीतील आस्डेक्स अपग्रेड, अमेरिकेतील डीआयआयआय-डी आणि जपानमधील जेटी-६०यू यांनी हे करून दाखवले आहे. ईटरच्या मूळ आराखड्यात यासाठी आणि तापवण्यासाठी १७० गिगाहर्ट्झचे, प्रत्येकी १ मेगावॅटचे २४ जायरोट्रॉन होते आणि त्यांतले दोन भारताच्या वाट्याला आले. करायला मात्र हे अवघड. बेटाची रुंदी काही सेंटिमीटर आणि शलाकेचा नेम तेवढ्याच अचूकतेने धरायचा. त्यासाठी क्यू २ असलेले पृष्ठ या क्षणी कोठे आहे, हे चालू प्रयोगात सतत गणित करून काढायचे, आणि आरसा वळवणारी यंत्रणा तर धातूची, जड. माझा अनुभव असा की बेट मोठे झाल्यावर शक्ती वाढवण्यापेक्षा ते लहान असतानाच अर्ध्या शक्तीने नेम साधणे अधिक फलदायी ठरते. पृष्ठावर आधीपासूनच शलाका ठेवून बेट उगवूच न देणे त्याहून सुरक्षित, पण त्यात शक्ती कायमची खर्च होते आणि ती वीजकेंद्राच्या हिशेबात वजा पडते.

बेट प्लाझ्मासोबत फिरत असते, सामान्यतः सेकंदाला काही हजार फेऱ्यांनी. पात्राच्या आतल्या भिंतीलगत बसवलेल्या छोट्या वेटोळ्यांत, ज्यांना मिर्नोव यांचे नाव मिळाले आहे, त्यामुळे सुंदर साइन तरंग दिसतो. बेट वाढते तसा भिंतीतील भोवरी प्रवाहांचा ब्रेक त्याच्यावर बसतो, वारंवारता खाली येते आणि मुख्य वेटोळी बसवताना राहिलेल्या अल्पशा चुकीच्या क्षेत्राला ते चिकटते, थांबते. याला मोड लॉक होणे म्हणतात. येथे नवखा माणूस हमखास फसतो. मिर्नोव वेटोळे क्षेत्राच्या बदलाचा दर मोजते. बेट थांबले की दर शून्य होतो आणि पडद्यावरचा तरंग मावळतो. ‘मोड गेला’ असे वाटते आणि त्याच क्षणी धोका सर्वांत मोठा असतो. म्हणून स्थिर क्षेत्र मोजणारी खोगीराच्या आकाराची मोठी वेटोळी वेगळी बसवावी लागतात आणि त्यांचा संकेत धोक्याच्या घंटेला जोडावा लागतो. चुकीचे क्षेत्र मुळातच कमी करावे, म्हणून ईटरमध्ये १८ दुरुस्ती-वेटोळी आहेत.

भिंतीच्या रोधावर वेग ठरणारे आणखी एक अस्थैर्य बीटा त्रॉयाँच्या मर्यादेपलीकडे नेल्यावर येते. त्यालाही फीडबॅकने आवरता येते. इटलीतील पादोवाच्या आरएफएक्स-मॉड या यंत्राने पात्राभोवती १९२ वेटोळी गुंडाळून आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे चालवून ते फार देखण्या रीतीने सिद्ध केले. ते यंत्र टोकामॅकपेक्षा निराळ्या जातीचे होते, पण पद्धत तीच.

काठावरच्या स्फोटांविषयी थोडे सांगायला हवे. १९८२ मध्ये जर्मनीतील गार्खिंग येथे फ्रित्झ वाग्नर यांना आस्डेक्स या टोकामॅकवर असे आढळले की तापवण्याची शक्ती एका मर्यादेपुढे नेली की काठाशी उष्णतारोधक थर तयार होतो आणि ऊर्जा अधिक काळ टिकते. हा लाभ मोठा आहे. पण त्या थरात दाबाचा उतार इतका तीव्र होतो की तो ठरावीक काळाने फुटतो आणि उष्णतेचा लोट भिंतीवर येतो. छोट्या यंत्राला हे सोसते, ईटरच्या टंगस्टनला वारंवार सोसणार नाही. डीआयआयआय-डीवर २००४ मध्ये दाखवले गेले की बाहेरून अगदी क्षीण, लाटदार चुंबकीय क्षेत्र दिले तर थर थोडा गळका होतो आणि फुटतच नाही. ईटरच्या पात्रात त्यासाठी २७ वेटोळी योजली आहेत. एका अस्थैर्याला टाळण्यासाठी मुद्दाम थोडी विस्कळीतता पेरणे आणि तिच्यामुळे टेअरिंग मोड लॉक होणार नाही हेही पाहणे, ही इथली खरी कसरत आहे.

हे सगळे करूनही कधीतरी डाव हातातून जातो. त्याला डिसरप्शन म्हणतात. बेटे एकमेकांत मिसळतात, क्षेत्ररेषांची सुबक रचना मोडते आणि साठलेली उष्णता काही मिलिसेकंदांत भिंतीवर ओतली जाते. ईटरच्या पूर्ण क्षमतेच्या प्लाझ्मात ही ऊर्जा ३५० मेगाजूलच्या आसपास असेल, म्हणजे त्या क्षणाची शक्ती शंभर गिगावॅटच्या वर जाईल. थंड झालेल्या प्लाझ्माचा रोध एकदम वाढतो, त्यामुळे प्रवाह कोसळतो आणि पात्रावर प्रचंड बले येतात. कोसळता प्रवाह स्वतःला टिकवण्यासाठी मोठे विद्युतक्षेत्र निर्माण करतो. इलेक्ट्रॉन जितका वेगवान तितका त्याला टकरींचा अडथळा कमी, म्हणून काही इलेक्ट्रॉन सुटतात, प्रकाशाच्या वेगाजवळ पोहोचतात आणि टकरींतून आपल्यासारखे आणखी इलेक्ट्रॉन तयार करत जातात. या रनअवे इलेक्ट्रॉनांचा झोत दशलक्षांच्या घरात अँपिअर वाहू शकतो आणि भिंतीला जेथे लागेल तेथे धातू वितळवतो.

आदित्यवर या विषयात केलेले काम मला मनापासून महत्त्वाचे वाटते. तेथे हायड्रोजन वायूचा फवारा मारून मुद्दाम डिसरप्शन घडवले गेले आणि त्याच वेळी प्लाझ्माच्या काठाच्या आत घातलेल्या इलेक्ट्रोडला विद्युतदाब देऊन ते टाळून दाखवले गेले. दाबामुळे काठाशी प्लाझ्मा वेगवेगळ्या थरांत वेगवेगळ्या गतीने फिरू लागतो आणि बेटांची वाढ खुंटते. ईटरमध्ये इलेक्ट्रोड घालता येणार नाही हे खरे, पण फिरण्यातला हा फरक बेटांना कसा मारतो, हे समजण्यासाठी तो प्रयोग अत्यंत स्वच्छ आहे. लहान यंत्रावर शंभर डिसरप्शन घडवून शिकता येते. मोठ्यावर एकेक जपावे लागते. ईटरसाठी निवडलेला उपाय म्हणजे निऑन मिसळलेल्या गोठलेल्या हायड्रोजनची गोळी नळीच्या वाकड्या टोकावर आपटून तिचे तुकडे प्लाझ्मात फेकणे. ऊर्जा मग एका जागी न पडता प्रकाशरूपाने सगळ्या भिंतीवर विखुरते. ब्रिटनमधील जेट, डीआयआयआय-डी आणि कोरियाच्या केस्टार येथे याची कसून चाचणी झाली आहे. ही शेवटची तरतूद आहे. गाडीतली हवेची पिशवी फुगली म्हणजे गाडी चांगली चालवली असे कोणी म्हणत नाही.

यंत्रशिक्षणाविषयी (मशीन लर्निंग) तुमच्या मनात प्रश्न असणारच. २०२२ मध्ये लोझानच्या टीसीव्ही यंत्रावर शिकवलेल्या नियंत्रकाने सर्व वेटोळी एकत्र चालवून प्लाझ्माला वेगवेगळे आकार दिले, आणि २०२४ मध्ये डीआयआयआय-डीवरील कामात टेअरिंग मोडची शक्यता आधीच ओळखून तापन आणि आकार बदलून तो टाळला गेला. दुसरे काम मला अधिक मोलाचे वाटते, कारण ते पेन्सिल तोलायला जात नाही, ती उभी राहण्याआधीच कार्यबिंदू सरकवते. अडचण अशी की असे नियंत्रक अपघातांच्या नोंदींवर शिकतात आणि ज्या यंत्राला त्यांची सर्वाधिक गरज आहे त्याला अपघात परवडत नाहीत. एका यंत्रावरचे शिक्षण दुसऱ्यावर नेण्याचा गंभीर प्रयत्न २०१९ पासून चालू आहे. त्यात भौतिकशास्त्राचे ज्ञान मिसळल्याशिवाय तो भरवशाचा होईल, असे मला वाटत नाही. दुसरी वाट स्टेलरेटरची. जर्मनीत ग्राइफ्सवाल्ड येथे २०१५ पासून चालणारे वेंडेलश्टाइन ७-एक्स पीळ बाहेरच्या वाकड्यातिकड्या वेटोळ्यांनीच देते, प्लाझ्मात मोठा प्रवाह लागत नाही, म्हणून टोकामॅकसारखे डिसरप्शनही होत नाही. अवघडपणा तेथे नियंत्रणातून उचलून कारखान्यात नेला आहे.

आता तयारीविषयी. चुंबकद्रवगतिकी (चुंबकीय क्षेत्रातील विद्युतवाहक प्रवाहीच्या हालचालीचे शास्त्र) आणि नियंत्रणशास्त्र ही दोन्ही एकाच वेळी शिका. आपल्याकडे पहिले भौतिकशास्त्रात आणि दुसरे अभियांत्रिकीत शिकवतात, आणि ती फट भरून काढणाऱ्यांची उणीव मला रोज जाणवते. सुरुवातीला दोन गोष्टी करा. वेगवेगळ्या कोनांवर बसवलेल्या दोन मिर्नोव वेटोळ्यांचे कृत्रिम संकेत तयार करा आणि त्यांच्या कलाफरकावरून (फेजमधील फरक) मोडचा पीळ ओळखा. मग वारंवारता हळूहळू शून्यावर आणून संकेत कसा मावळतो, ते पाहा. दुसरे, प्लाझ्माचे विस्थापन गॅमा या दराने वाढते आणि तुमची दुरुस्ती टाऊ एवढ्या विलंबाने पोहोचते, एवढेच एक समीकरण लिहा आणि दुरुस्ती केवळ विस्थापनाच्या प्रमाणात द्या. गॅमा गुणिले टाऊ एकच्या वर गेले की दुरुस्तीचा जोर कितीही बदला, प्लाझ्मा आवरत नाही, हे तुम्हाला कागदावरच दिसेल. त्यानंतर गाळणीचा एक मिलिसेकंद, भिंतीचा आणि वर्धकाचा विलंब त्यात एकेक करून मिळवा, आणि तीन मिलिसेकंदांच्या वाढीसाठी किती वाव उरतो ते मला आलेखासह लिहून कळवा.